डांबरगोळ्यांचं पेट्रोल

जे सांगायलोय ते मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाबी न्हाई. मालकांची मोटार त्या दिवशी जिंतूरच्या वाटेवर बंद पडली ती अण्णांच्या पेट्रोलनं न्हाई, माझ्या हातानं.

आमचं गाव येलदरीच्या जवळ. बाप मालकांच्या बैलांमागं होता, मी त्यांच्या मोटारीमागं लागलो, एवढाच काय तो फरक. मोटार लय जुनी, मालकांच्या वडलांनी हैदराबादेत घेतलेली. परभणीचा मिस्त्री म्हणायचा, हिला शिसं घातलेलं साफ पेट्रोल पाज, शिशानं झडपा टिकतेत, इंजिन ठोकत न्हाई, वरून कसलीबी पूड न् औषध टाकू नको. पण काय सांगू तुम्हाला, पंप राहिला लांब, आमाला मिळायचं ते अण्णांच्या किराणा दुकानातलं, पत्र्याच्या डब्यातलं. अण्णा भेसळ करणारे नव्हते, पण डब्यात पडून पडून त्याचा जोर जायचा. धरणाचा चढ लागला की मोटार खटखट खटखट करायची आन मालक मागून म्हणायचे, काय रे, मोटार चालवायलास का ज्वारी बडवायलास? पाहुण्यांसमोर म्हणायचे. ते लागलं मला.

मानवतला कापसाच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरनं कानात सांगितलं, कपड्यात ठेवायच्या डांबरगोळ्या टाकीत टाक, आवाज गेला म्हणून समज. टाकल्या. आवाज खरंच गेला का मलाच तसं वाटलं, देव जाणे, पण मालक म्हणले, आज गप हाय की रे ही. त्या एका बोलासाठी मी गोळ्या टाकतच गेलो.

मग ती सकाळ. थंडी लय पडलेली, त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसटी न्हाई. मालकांच्या सूनबाईला कळा सुरू झालेल्या. वैनीला मागं निजवलं, मालकीणबाई उशाशी, मालक माझ्या शेजारी, निघालो जिंतूरच्या दवाखान्याला. माळावर मोटारीनं आचके दिले आन थांबली. कार्बोरेटर खोललं तर भोकात पांढऱ्या सुया, मिठासारख्या. पेट्रोलात विरघळलेली गोळी थंडीनं परत गोठली होती. मागं वैनी ओरडायलेली, मालक विचारायलेत काय झालं, काय झालं. मी त्या सुया धोतराला पुसल्या आन म्हणलं, पेट्रोल खराब हाय, मालक.

एवढंच म्हणलं. कुणाचं ते म्हणलो न्हाई. म्हणायची गरजच नव्हती.

बैलगाडी मिळाली, वैनी वाटेत गाडीतच बाळंत झाली, मायलेकी सुखरूप. ती पोरगी आता शाळेत जायलीय, मला मामा म्हणते. पण मालकांनी अण्णांचे डबे भर चौकात ओतले, घासलेट मिसळतोस, माझी सून मारायला निघालास म्हणले. तेव्हापासून लोक अण्णांकडून गोडंतेल घेतानाबी वास घ्यायचे.

यंदा संक्रांतीला रेडिओवर नामांतर झालं म्हणून सांगायलेले, आन मी तिळगूळ घेऊन अण्णांच्या दुकानात गेलो. इतक्या वर्षांचं भांडण मिटतंय, मग माझ्याच तोंडाला काय झालंय, असं वाटलं. सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणले, गोड बोलायच्या दिवशी हे काय कडू आणलंस? मला म्हाईत हाय. गोळ्या माझ्याच दुकानातून न्यायचास की. घरात पेटी न्हाई, लोकर न्हाई, आन पुडकेच्या पुडके न्यायचास. मी म्हणलं, मग बोललात का न्हाई? तर म्हणले, माझं ऐकत कोण होतं? तू बोलशील म्हणून बसलो. लय बसवलंस रे बाबा. आन हसून तिळगूळ तोंडात टाकला.

मला रडू आलं आन हसूबी आलं. छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवावं तसं झालं, घरी जाऊन पोटभर जेवलो. अण्णांना देवानं लय आयुष्य द्यावं.

पण डबे ओतले होते चौकात, आन मी बोललो दुकानात, कुणी नसताना. मालक अजून हायेत. पेट्रोल अण्णांचं चांगलं होतं, गोळ्या माझ्या होत्या, हे त्याच चौकात मालकांच्या तोंडावर सांगायचं माझ्याकडं राहिलंय.