समोवार उकळेपर्यंत

...नाही, नाही, तो कागद आधी पिशवीत घाल, वाऱ्यानं कालव्यात जाईल. बस हवं तर त्या कठड्यावर. मी उभीच बरी, बसले की गुडघे आखडतात — सत्तावन्न पुरी झाली गं मला, आणि तू म्हणतेस, जिल्ह्याच्या शर्यतीत पळा एजे — थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणतेस, गोड वाटतं — वयस्कर बायकांचा वेगळा गट आहे. असेल की. पण एक दिवस जायचा, एक यायचा. आणि मला वेळ किती असतो, ठाऊक आहे? समोवार उकळेपर्यंत. पहाटे त्यात चहाचं पाणी भरायचं, मधल्या नळीत ढलप्या पेटवायच्या आणि निघायचं. सासूबाईंचा नमाज, मग माळ, तोवर पाणी उकळतं. चाळीस मिनिटं. एकेचाळिसाव्याला चहा ओतायला सून समोर हवी. आमच्याकडं चहा सुनेनंच ओतायचा — तुझ्या शहरात नसेल तसं आता.

सुरू कसं झालं — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात साखर वाढलीय, चालत जा. चालायचं काय नवं? गोठ्यातून चुलीशी, चुलीपासून गोठ्यात, दिवसभर तेच. म्हटलं पळून बघू. आणि पहिल्याच दिवशी मूर्खासारखी गल्लीतून पळाले. आमच्या गावात बाईमाणूस पळतं कधी? घरात कुणी गेलं तर. शेजारची काल्बूबू फाटकात आली, विचारते, कोण गेलं? मला बोलायला दम कुठला — नुसता घराकडं हात केला, म्हणजे घरीच चाललेय. झालं. घटकाभरात सात बायका गळा काढून आमच्या अंगणात. सासूबाई माळ घेऊन उंबऱ्यात आल्या, बघितलं, म्हणाल्या, "मी गेले असेन तर आधी मला सांगायचं होतंत." हसतेस? मीही हसते, आता. त्या सातजणींना चहा पाजावा लागला मलाच, आल्या त्या रिकाम्या तोंडानं कशा जातील.

तेव्हापासून गावाबाहेर, ह्या कालव्याच्या कडेनं. पहिल्या दिवशी कालव्याच्या पलीकडच्या पाण्याच्या फाटकापर्यंत, तेवढ्यात छातीचा भाता. महिन्यानं हा पूल. एक हिवाळा गेल्यावर पडकी चक्की. मग कबरस्तानाचे घुमट. अडीच वर्षं लागली — कुणी शिकवलं नाही, कुणी वाहवा म्हटलं नाही, हे बूटसुद्धा पुतण्यानं टाकलेले, टाचेत लोकर कोंबलीय. पण दम वाढला. वाढला खरा, पण गंमत अशी की चाळीस मिनिटांतली निम्मी परतीचीच. कितीही जोरात पळा. दोरी लांबवली म्हणून घोडी लांबवर चरते, खुंटा आपला तिथंच. आणि न वळता सरळ गेलं, तर चाळीस मिनिटांत डांबरी सडक लागते, जिथून गाड्या जातात — नाही, मोजलं नव्हतं मी. मी कशाला मोजू? असंच लक्षात आलं. साखरेसाठी पळते मी. साखर उतरली केव्हाच, ते सोड.

तसा जाच नाही गं घरात. आमच्यात आई धाकट्याकडं, घरही धाकट्याचं. माझा नवरा धाकटा. तो सहा वर्षांपूर्वी गेला, पण रीत काही त्याच्याबरोबर पुरली नाही. थोरले दोघं ईदला येतात, मटण खातात, सून असावी तर बुरुलचासारखी म्हणतात, म्हणजे माझ्यासारखी, आणि निघून जातात. मी भांडी घासते.

गेल्या गुरुवारी वळले नाही. हे तुला सांगणार नव्हते. घुमट मागं पडले, पाय चाललेच, वाटलं एवढं टेकाड, मग तेवढं वळण — आणि सडक. घामानं निथळत उभी. एक गाडी थांबली, चालकानं दार उघडून विचारलं, "कुठं जायचंय, एजे?" आणि मला एका गावाचं नाव आठवेना. एकाही. अडीच वर्षं मी सडकेपर्यंत यायचं शिकले, पुढचं शिकलेच नव्हते. त्यानं दार लावलं. मी चालत परत आले, पळवलं नाही.

घरात शिरले तर सासूबाई दस्तरखानाशी, जेवणाची चादर अंथरून बसलेल्या. ऐंशीच्या पुढची बाई, समोवार एकटीनं आत आणलेला. पुढ्यात पेला एकच. मी म्हटलं, आता बोलतील, आता सात पिढ्या उद्धरतील. तर शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, आज पोचलीस." आणि उठल्या, भिंतीला धरत दुसरा पेला आणला, चहा ओतला, माझ्यापुढं ठेवला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातचा पहिला चहा. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं गं, पहिल्यापासून. वाट बघत होत्या — मी यायची की न यायची, कोण जाणे. शिव्या घातल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी गेले असते, गावाचं नाव पाठ करून गेले असते. पण त्या पेल्यानं मला बांधून घातलं. आता ह्या पुलावरूनच मागं वळते. पाय धडधाकट, दमही आहे, तरी वळते.

बघितला मी तुझा कागद, वाचता येतं मला. शर्यत सुटते एका गावातून आणि संपते दुसऱ्याच गावात, हो ना? तेच नको. तिथनं परत फिरायचं की नाही, ते मग माझं मला ठरवावं लागेल.

जा तू. आणि माझं नाव लिहिलंयस तिथं — खोड ते. माझ्यासमोर खोड.