रुखवतावरचा रुमाल

शैला : परत उसवलं, आत्या. तिसऱ्यांदा.

नर्मदा : चांगल्या चार ओळी झालेल्या. का उसवल्यास?

शैला : आईचं विणकाम कुठं संपलं नि माझं कुठं सुरू झालं, ते ओसरीवरूनसुद्धा दिसतं. चौदा वर्षं पेटीत पडून तिचा दोरा पिवळा पडला, म्हणून बोईसरचा नवा दोरा चहाच्या पाण्यात उकळला. रंग जुळला. क्रोशाची सुईही तिचीच आहे. तरी तिच्या विणीचे खांब एकीकडे कललेले आणि माझे दुसरीकडे.

नर्मदा : कलू देत. रुखवतात ताटावर झाकशील. माणसं लाडू बघतील, रुमाल कोण बघतो?

शैला : मनोरच्या, सासरच्या माणसांसाठी नाही करत मी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचं म्हणून मला हेच एक सासरी न्यायचं आहे, आणि ते पुरं करून न्यायचं आहे.

नर्मदा : तुझी ओळ कुठून कुठं जाते?

शैला : उजवीकडून डावीकडे. सगळ्यांचीच जाते.

नर्मदा : वयनीची नाय जायची. ती डावरी होती.

शैला : आई? मला कुणी कधी बोललं नाही.

नर्मदा : कोण बोलणार? आमच्या आयेची, तुझ्या आजीची, ताकीद होती. चारचौघांत वयनी उजव्या हातानं जेवायची, वाढायची. विणायला मात्र मागल्या दारी जाऊन बसायची. हा रुमाल सत्यनारायणाच्या प्रसादावर झाकायला घेतलेला.

शैला : मग अर्ध्यावर का सोडला?

नर्मदा : मी आयेला सांगितलं. देवाच्या ताटावरचं डाव्या हातानं चाललंय म्हणून. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली, आणि इथं सगळी वयनीचं कवतिक करायची. माझ्या पोटात दुखायचं. पूजेला जमलेल्या बायांसमोर आये तिला नको नको ते बोलली. वयनी रडली नाय. सुई तशीच रुमालात अडकवली, घडी घातली, पेटीत ठेवली. वर्षभरानं तापानं गेली, तोवर सुईला हात लावला नाय तिनं.

शैला : आणि मी डाव्या हाताने घास घेतला की तू पळीने मारायचीस.

नर्मदा : तुला कोणी तसं बोलू नये म्हणून मारलं. मला तुझा तो हात बघवायचा नाय, हे पण खरं हाय.

शैला : मी आईवर गेलेय, एवढं तरी सांगायचंस. तिच्यासारखं माझ्यात काहीच नाही, असं वाटत राहिलं मला.

नर्मदा : चुकलं माझं. सुई डाव्या हातात घे.

शैला : त्या हाताला आता काही येत नाही.

नर्मदा : घे तरी.

(शैला सुई डाव्या हातात घेते. डावीकडून उजवीकडे एक खांब घालते.)

शैला : हा बघ. वाकडा आला.

नर्मदा : वाकडा हाय. पण वयनीच्या खांबांसंगती चाललाय.

शैला : लग्नाला वीस दिवस राहिलेत. पुरा होईल?

नर्मदा : आजपासून चुलीकडं येऊ नको. मी बघते.

शैला : आत्या, मी तुला माफ केलं असं समजू नकोस.

नर्मदा : नाय समजत.

शैला : मग अशी जवळ बस. दोरा सोडत जा, गुंतायला नको.