वाहून गेलेलं पाणी

हसू नका बे, सोनाळ्याच्या आमच्या काकानं खरंच पुराचा विमा काढला होता. आधी विमेवाल्याले म्हणे, "ज्या कोरड्या नाल्यात आम्ही पोरीच्या लग्नाचा मांडव टाकला, त्याले काय पूर येते?" पण विमेवाला जावयाचा दोस्त निघाला, म्हणून सही केली.

त्याच पावसाळ्यात नाला कंबरभर घरात शिरला! पूर ओसरल्यावर पाहणीले विमा कंपनीचे साहेब आले.

"काका, काय काय वाहून गेलं?"

"पयले लिहा, दोन ड्रम पाणी."

"पुरात पाणी वाहून गेलं, असं कसं लिहू?"

"काऊन? टँकरचं होतं, प्याचं! आता विहिरीतबी गाळ भरला."

साहेबानं घाम पुसत पेन खाली ठेवला. "बरं, आधी घोटभर पाणी द्या."

काका भडकले, "तेच त लिहा म्हणून राह्यलो ना!"