समुद्राकडची वाटणी

नाही नाही साहेब, खुर्ची तिथंच राहू द्या, तिथून त्याचा खड्डा नीट दिसतो. समोर, रस्त्यापलीकडे — बांबू उभे केलेत ना, तोच. घर बांधतोय. माझा सख्खा धाकटा भाऊ. म्हणून तर तुमच्या पुराणवस्तू खात्याला मीच फोन केला. परक्यानं कळवलं असतं तर बरं दिसलं नसतं, हो ना? चहा घ्या. साखर कमी आहे, मन मोठं आहे.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचा तर विषयच आहे — दोन हजार वर्षांपूर्वी इथं परमुलखातली जहाजं लागायची. तेलाचे घडे उतरायचे, मिरी आणि मणी चढायचे. राजे गेले, बंदर गाळानं बुजलं, मागं राहिली खापरं. याला म्हणतात थोर वारसा! आम्हाला वारसा म्हणजे काय? न्हाणीघराचा पाया खणता येत नाही, एवढंच. म्हणून इथली रीत अशी, की फावड्याला खापर लागलं की वर माती ओढायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. सगळा गाव तेच करतो. वडिलांनी वाटणी केली — रस्त्याकडचं धाकट्याला, समुद्राकडचं मला. आमच्या अंगणात घडे निघाले तेव्हा बंधुराज स्वतः फावडं घेऊन आले, घाम गाळून माती लोटली, वर हिच्या हातचं जेवून गेले. आणि आठवडा उलटायच्या आत तुमच्या खात्याच्या लोकांना घेऊन दारात हजर! ‘दादा, देशाचा ठेवा आहे.’ देशाचा! लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हाही असाच चेहरा होता.

घर गेलं, आम्ही दोघं रस्त्याच्या अलीकडे या भाड्याच्या खोलीत आलो. तारेचं कुंपण आलं. खणून झालं, खात्याची पाटी गंजली, आता तिथं गवत आहे. आणि गंमत बघा — मध्ये माझं घर नाही म्हटल्यावर समुद्र आता त्याच्या जागेतून दिसतो. दुमजली बांधतोय ते उगाच नाही, वरच्या खोलीला मोठी खिडकी आहे. त्याची बायकोच सांगत होती हिला, हिच्या आजारपणात भेटायला आली तेव्हा. ही याच खोलीत गेली साहेब, भिंतीकडे तोंड करून. म्हणायची, लाटांचा आवाज येत नाही, झोप लागत नाही. — असो. खिडकी होता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे. कायदा आहे ना? जुनं काही निघालं की बांधकाम बंद — मग मला एक न्याय आणि त्याला दुसरा का? तुम्ही त्या डाव्या कोपऱ्यात उकरायला सांगा, घड्याचा कान निघेल, त्याच्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आहे, इतका स्वच्छ की आत्ताच दाबलाय असं वाटावं —

काय? तो कोपरा अजून कोणी उकरलाच नाही? मग मी… अंदाज हो. घड्यांना कान असायचेच. ठसाही असतो कधी कधी. असं बघू नका, मी आयुष्यभर कारकुनी केलीय, असं बघणं मला कळतं.

बरं. आमच्याच अंगणातला आहे तो. तुमच्या लोकांनी सगळं गोळा केलं, हा एक हिनं लपवला. शेवटपर्यंत उशाशी होता. परवा गवंडी जेवायला गेले तेव्हा मी जाऊन पुरला. त्यात खोटं काय आहे? वस्तू खरी, काळ खरा, घडा खरा. जागा तेवढी कुंपणाच्या अलीकडची.

उठलात? लिहा की, ‘थोरल्यानं पुरला’ म्हणून लिहा, सही करतो. पकडायचं तर पकडा, या वयात मला कोण नोकरीवरून काढणार आहे! फक्त जाता जाता एवढं करा — तुमची गाडी त्याच्या दारासमोर जरा वेळ उभी राहू द्या. खात्याचं नाव घराकडे करून. तो बाहेर येईल, विचारेल, तुम्ही काही बोलू नका. बस, तेवढंच.

या आता. दार ओढून घ्या. खिडकी राहू द्या, मला बघायचंय.