शोकेसमधलं बूच

सुट्या भागांच्या दुकानात रांग होती. तेलाचा दाब दाखवणारा नवा मीटर घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांच्या पुढे दोघे साडू बोलत होते.

“साडूभाऊ, जुन्या गाडीचं इंजिन स्वतः बांधलंत म्हणे!”

“बांधलं. पण तेलाचा दाबच येईना. मीटर बदलला, पुन्हा बदलला.”

“इंजिन नाही तपासलंत?”

“छे! आपलं इंजिन तो बाब्या, मीटर ते कार्टं.”

“मग?”

“काल हिनं विचारलं, शोकेसमधलं बूच कशाचं? ऐटीत म्हटलं, इंजिन बांधून उरलं, कंपनीनं जास्तीचं लावलं होतं.”

“अहो, ते तेलाच्या वाटेचं! तिथूनच दाब गळतोय.”

“हीही तेच म्हणाली, उरलेलं कुठूनतरी निघालंच असेल ना? आता सगळं पुन्हा खोलावं लागणार!”

मास्तरांनी हातातला मीटर परत फळीवर ठेवला.

“माफ करा, ते बूच नेमकं दिसतं कसं हो?”