एकही ओरखडा नसलेलं दार

मामा: ...ओरखडे बघून तोंड वाकडं करू नकोस, ताई. जुन्या गाड्यांच्या आवारातली गाडी म्हटल्यावर अंगावर चार खुणा असणारच. तुला चालवायचीय, काचेच्या कपाटात ठेवायची नाहीये.

आई: मला ओरखड्यांचं काही नाही रे. मागची सीट आडवी पडते, गाद्याउशांचे गठ्ठे मावतात, बास. शिवलेला माल पोचवायला दर वेळी टेम्पोवाल्याच्या मागं फिरायचं, जीव नकोसा होतो. शिवाय धाकट्याला पुढं शेजारी बसवलं की शाळेत सोडून तशीच पुढं जाता येईल.

मी: ब्रेकच्या पेडलचं रबर बघ आधी. पार गुळगुळीत. आधीचे मालक कुणी आजोबा होते ना? फक्त रविवारी चालवायचे म्हणे! रविवारी एवढं काय दाबत होते?

मामा: ए भिंगरी, म्हातारी माणसं ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात.

मी: आणि सीट? बाहेरच्या कडेला फाटलीय. रोज दहा वेळा चढउतार केल्याशिवाय तिथं फाटत नाही. तूच शिकवलंस.

आई: झालं हिचं सुरू. शाळेत बाईंच्या चुका काढल्या, शेवटी दप्तर फेकून घरी आली. आता मामाच्या काढ. तो एकटा तुला सांभाळून घेतोय, तेवढंही नको राहायला.

मामा: असू दे गं. माझ्या शेडमध्ये गाड्या रंगवायचं काम हिच्याइतक्या लवकर कुणी उचललं नाही.

मी: मग विचारू का? मागच्या बंपरवर कुणीतरी गेट घासलंय. उजव्या बाजूला किल्लीच्या रेघा. टपावर काहीतरी बांधून नेल्याचे चरे. हँडलच्या खोबणीत नखांच्या खुणा, तीन दारांना. हे पुढचं डावं दार मात्र एकदम चकाचक.

मामा: त्या बाजूला कुणी बसत नसेल. एकटेच होते आजोबा.

मी: मग मागच्या दारांना नखं कुणी लावली? भुतानं?

आई: किती उलट बोलशील गं!

मी: आई, हाच म्हणतो की! ओरखडे असू देत, जिथं एकही नाही तिथं थांबून बघ. मी थांबलेय.

मामा: रंगवलं असेल दार. रंगवणं काय गुन्हा आहे? त्याच्यावरच तर आपलं चाललंय.

मी: कुणी रंगवलं?

मामा: मला काय माहीत? ही गाडी मी आज तुमच्याबरोबरच पहिल्यांदा बघतोय.

मी: काचेखालचं रबर इथं फुगलंय. आत काहीतरी अडकलंय.

मामा: ओढू नकोस! फाटेल ते. आवारवाला चहा सांगायला गेलाय, येईल इतक्यात, काय म्हणेल?

मी: काही फाटत नाही. हे बघ, येतंय... दोरी आहे.

आई: कसली दोरी?

मी: रंग मारताना रबराखाली सरकवतात. रबर उचललं जातं, रंग आतपर्यंत जातो, कडेला रेघ दिसत नाही. काम झालं की ओढून काढायची. बाकी सगळे नुसती टेप चिकटवतात. दोरी लावणारा मला एकच माहितीय.

मामा: हल्ली सगळेच लावतात.

आई: दे इकडे.

मी: आई, राहू दे, मी...

आई: दे म्हटलं ना. ही माझी आहे. उशांच्या कडेला घालते ती.

मामा: काहीतरीच. अशी दोरी कुठल्याही दुकानात मिळते, ताई.

आई: टोकाला मेण आहे. धागे सुटू नयेत म्हणून मी मेणबत्तीवर धरते. कुठला दुकानदार मेण लावून देतो? तूच म्हणाला होतास ना, उरलेली फेकू नकोस ताई, मला कामाला येते. मी बांधून देत होते तुला.

(मी दाराखालच्या पत्र्यावर बोटानं वाजवते. उजवीकडे टण्. डावीकडे भद्द.)

मी: पत्र्याऐवजी नुसती लांबी भरलीय इथं! वरून रंग. मागच्या महिन्यात मला आठवडाभर सुट्टी दिलीस, तेव्हा हेच चाललं होतं ना? म्हणालास, धुळीनं खोकला झालाय तुला, घरी बस. मी घरी येऊन सांगितलं, मामाला माझी किती काळजी. मला खोकला नव्हताच, मामा! तू म्हणालास म्हणून मी खोकत होते!

मामा: हळू बोल जरा.

मी: नाही बोलणार!

आई: तू थांब. काय झालं होतं गाडीला?

मामा: एका बाजूनं ठोकली होती. दोन दारांमधला खांब आत गेला होता. ओढून सरळ केला, वेल्डिंग मारलं. आवारवाला म्हणाला, ही खपवून दाखव, मग इथलं सगळं रंगकाम तुझं.

आई: आणि तुला मी आठवले.

मामा: तसं नाही गं. दुसऱ्या कुणी घेतली असती तर हायवेवर पळवली असती. तू हळू चालवतेस, ताई. इथल्या इथंच. तुला काही झालं नसतं.

आई: मी हळू चालवते. समोरचा? आणि धाकटा कुठं बसणार, सांगितलं होतं ना तुला?

मामा: पुढं.

आई: कुठल्या बाजूला?

मामा: ताई, ऐक ना...

मी: बाजू सांग, मामा.

मामा: ऊन फार आहे. चला, आलो तसं माझ्या व्हॅनमधून घरी सोडतो. घरी बसून बोलू.

आई: व्हॅनपण तूच रंगवलीस ना?

मामा: हो. का?

आई: काही नाही. चल गं, आपण चालत जाऊ.