झाकणाच्या आतली खूण

माझे कागदोपत्री नाव वर लिहून घेतलेच आहे. बाजारात मला सगळे घड्याळवाली ताई म्हणतात. वय ४७ वर्षे, धंदा वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काउंटर सांभाळणे, राहणार त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सोबत वडील, वय ८१, आणि धाकटा भाऊ, वय ४३. दुरुस्तीचे काम आता तो करतो. आज ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

आज सकाळी अकराच्या सुमारास मी घड्याळांच्या शोरूममध्ये आरडाओरडा केला हे खरे आहे. तिथल्या मॅनेजरला मी ‘टायवाला चोर’ म्हणाले हेही खरे आहे. काचेच्या टेबलावर हात आपटला, पण काच फुटली नाही. फुटली असे त्यांनी लिहून दिले असेल तर ते धादांत खोटे आहे. साहेब मला हळू बोला म्हणतात. मी हळूच बोलते आहे.

भांडण बाबांच्या घड्याळावरून झाले. ते स्विस कंपनीचे, चावी द्यायचे घड्याळ आहे. चाळीस वर्षांपूर्वी जहाजावरच्या एका इंजिनिअरने ते बाबांच्या हातावर ठेवले. समुद्राचे पाणी आत जाऊन गंजले होते. ‘यात काही राहिलं नाही, तुम्हीच ठेवा’ असे तो म्हणाला. बाबांनी तीन वर्षे रविवारी बसून ते चालू केले. एक चाक कुठेच मिळेना. कंपनी सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाही. शेवटी ते चाक बाबांनी स्वतः कापले. ‘बाकी सगळं त्यांचं, एक चाक माझं’ असे ते गिऱ्हाइकांना सांगत.

मॅनेजर आज मला म्हणाला, ‘मॅडम, आमची कंपनी एकशे साठ वर्षांची आहे, आमच्याकडे असं होत नाही.’ एकशे साठ वर्षे मला कोण शिकवणार? ती मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. बर्फाने सहा महिने रस्ते बंद होणारे खोरे, तिथल्या एका शाळामास्तराची दोन मुले, थोरला खिडकीशी बसून चाके कापायचा आणि धाकटा ती पाठीवर बांधून शहरात विकायला न्यायचा. पुढे राजेरजवाडे आले, सिनेमावाले आले. ते सगळे सोन्याला भुलले. बाबा भुलले ते आतल्या कामाला. या कंपनीचे कारागीर आतल्या चाकांवरच्या पट्टीची खालची बाजूही घासून रेघा काढतात. ती बाजू घालणाऱ्याला जन्मात दिसत नाही. ‘कुणी बघणार नाही तिथे हात कसा चालतो, त्यावर माणूस ओळखायचा’ हे बाबांचे म्हणणे.

बाबांना सहा वर्षांपासून दिसत नाही. रोज सकाळी आठ वाजता मी घड्याळाला चावी देते आणि त्यांच्या हातात देते. ते कानाला लावतात, मग चहा घेतात. या महिन्याच्या एक तारखेला चहानंतर धाकट्याने ते पॉलिशसाठी म्हणून घेतले, चार तारखेला कंपनीच्या शोरूममध्ये दिले आणि नऊ तारखेला परत आणले. दहा तारखेला बाबांनी ते कानाला लावले आणि खाली ठेवले. म्हणाले, ‘हे आपलं नव्हे. आपलं चालतं, हे पळतंय.’

बाबा रोज तेच म्हणत राहिले. धाकटा म्हणाला, ‘ताई, वय झालंय गं त्यांचं, भ्रम होतो.’ डॉक्टरची वेळही त्यानेच घेतली. मीही ओरडले. ‘बाबा, पुरे हं आता, गुपचूप चहा घ्या’ असे मी बोलले. बारा दिवस बोलले. साहेब म्हणतात हे प्रकरणाशी संबंधित नाही. तरी लिहा.

आज सकाळी चावी देताना मी ते सहज माझ्या कानाला लावले. लहानपणापासूनचा तो आवाज नव्हता. मी धाकट्याला उघडायला सांगितले. तो म्हणाला, ‘धूळ जाईल आत, मी तर त्याचं झाकण कधी उघडलेलंच नाही,’ आणि चहाला निघून गेला. झाकणाची किल्ली त्याच्याकडेच असते, म्हणून मला उघडता आले नाही. त्याचे बोलणे मी खरे मानले, त्यामुळे आतले मशीन शोरूमनेच बदलले अशी माझी खात्री झाली आणि मी तिथे गेले.

झाकणाच्या आत खुणा असतात, हे मी साहेबांना सांगितले. कारागीर घड्याळ साफ केले की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली खूण कोरतो. बाबांची खूण मासोळी, तोंड डावीकडे. आम्हा दोघा भावंडांना खूण कोरायला त्यांनीच शिकवले. धाकटा डावखुरा, म्हणून त्याची मासोळी उजवीकडे बघते. ‘खूण न करता झाकण लावतो तो चोर,’ असे म्हणून बाबांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारलेली मी पाहिली आहे.

दुपारी एक वाजता साहेबांनी दोन पंचांसमोर शोरूमच्या कारागिराकडून झाकण उघडून घेतले. धाकट्यालाही बोलावले होते. तो बाहेर बाकावर बसला होता. आतले मशीन कंपनीचे नाही. साधे, बाजारातले आहे. तसली मशीन आमच्याच दुकानात, धाकट्याच्या खणात असतात. मशीन लहान पडते म्हणून भोवती पितळी कडे घासून बसवले आहे. कडे अगदी चोख बसले आहे, केसभरही फट नाही.

झाकणात अकरा मासोळ्या आहेत, तोंड डावीकडे. त्यांच्या खाली बारावी आहे. ती ताजी आहे, तोंड उजवीकडे. तारीख याच महिन्याची एक. शोरूमची पावती चार तारखेची आहे आणि तिच्यावर ‘फक्त बाहेरून पॉलिश, झाकण उघडले नाही’ असे लिहिले आहे. ही पावती धाकट्याने मला दाखवली नव्हती.

शोरूमच्या मॅनेजरबद्दल माझी तक्रार नाही. त्याला चोर म्हणाले त्याबद्दल मी सर्वांसमोर माफी मागितली. त्याने पाणी दिले, ते मी घेतले नाही. धाकटा दारात आला आणि ‘ताई, घरी चल, घरी बोलू’ म्हणाला. मी गेले नाही. बाबांचे मशीन, त्यांनी कापलेल्या चाकासकट, त्याने कुणाला दिले आणि का दिले, हे त्यालाच विचारा. मला ते चाक परत हवे आहे. आणि बाबांचे डोके शाबूत आहे. डॉक्टरची वेळ मी इथूनच फोन करून रद्द केली आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. वाचताना एका ठिकाणी ‘अनोळखी संशयित’ असे आले. ते खोडून तिथे ‘माझा सख्खा धाकटा भाऊ’ असे लिहून घेतले आणि खाडाखोडीवर सही केली.